४०० वॉटच्या लिनिअरसाठी अँटेना रिसीव्ह-ट्रान्समिटमध्ये फिरवणारा स्विच कोणता घ्यावा?

सांगलीचा_सिग्नल

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून हौशी रेडिओच्या ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडसाठी लिनिअर, म्हणजे रेडिओची पॉवर वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, बांधतोय. एमआरएफ३००एएन आणि एमआरएफ३००बीएन अशी एलडीमॉस ट्रान्झिस्टरची जोडी पुश-पुलमध्ये, सप्लाय ५० व्होल्ट. जोडीची ताकद ६०० वॉटची आहे, पण आपल्या जनरल ग्रेडच्या परवान्याला ४०० वॉटची मर्यादा आहे, त्यामुळे तिथेच थांबणार. हीटसिंक, पंखा, फिल्टर सगळं झालंय. अडलंय ते एका जागी. ऐकताना अँटेना सरळ रिगला (ट्रान्सीव्हरला) आणि बोलताना लिनिअरच्या आउटपुटला जोडणारा स्विच कोणता घ्यायचा?

पहिला प्रयत्न मी १२ व्होल्टच्या, दोन पोलच्या, १० अँपिअरच्या रिलेने केला. एक पोल इनपुटला, दुसरा आउटपुटला. हिशोब असा होता: ४०० वॉट आणि ५० ओहम म्हणजे १४१ व्होल्ट आणि २.८३ अँपिअर. १० अँपिअरच्या रिलेला हे काहीच नाही. तीन आठवडे छान चालला. मग एका रात्री पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) सोडला तरी रिसीव्हर मुका. उघडून पाहिलं तर आउटपुटचा कॉन्टॅक्ट ट्रान्समिटच्या बाजूला चिकटून बसलेला. आणि दोनपैकी एक ट्रान्झिस्टर गेलेला.

ट्रान्झिस्टर पुन्हा मागवलाय. तो लावण्याआधी स्विचचा प्रश्न मुळापासून समजून घ्यायचाय. व्हॅक्यूम रिले, पिन डायोड, साधा पॉवर रिले, की आणखी काही? मी मुख्यतः एसएसबी (आवाज) आणि एफटी८ (संगणकावरून डिजिटल) करतो. मोर्स कमी. रिग आयसी-७३००.

नवशिक्या_दीप

दादा, आता चिपमध्ये स्विच मिळतात ना? पीई४२८२० पाहिला मी, त्यावर हाय पॉवर लिहिलंय. ना कॉइल, ना कॉन्टॅक्ट, मायक्रोसेकंदांत काम. तो का नको?

शून्यडेसिबल

दीप, प्रश्न चांगला आहे. डेटाशीट पुढे वाच. त्याची हद्द ४५ डीबीएमच्या आसपास आहे, म्हणजे साधारण ३२ वॉट. ४०० वॉट म्हणजे ५६ डीबीएम. मधलं अंतर ११ डीबी, म्हणजे बारा पटींहून जास्त. आणि त्याची फ्रिक्वेन्सी ३० मेगाहर्ट्झपासून सुरू होते. चिपमधले हे स्विच जसजसे खालच्या फ्रिक्वेन्सीला जातात तसतशी त्यांची पॉवर झेपण्याची कुवत कमी होते. ७ मेगाहर्ट्झला तो आपल्या कामाचा नाही. बेस स्टेशन आणि हातातले व्हीएचएफ सेट ही त्याची जागा.

सांगलीचा_सिग्नल, तुमचा हिशोब चुकला नाही, अपुरा राहिला. २.८३ अँपिअर हा आरएमएस आकडा. शिखर ४ अँपिअर आणि २०० व्होल्ट. हे सगळं अँटेना जुळलेली असताना. एसडब्ल्यूआर (अँटेना किती बिनजुळलेली त्याचं माप) ३ झाला आणि पुढे जाणारी पॉवर तेवढीच राहिली, तर लाइनवर एखाद्या जागी शिखर व्होल्टेज दीडपट, ३०० व्होल्ट. वायर तुटली तर दुप्पट, ४०० व्होल्ट किंवा ८ अँपिअर, यातलं काय हे रिले लाइनवर कुठे बसलाय त्यावर ठरेल. तुमचा ट्रान्झिस्टर ६५:१ सहन करतो असं डेटाशीट म्हणतं, पण ती हमी ट्रान्झिस्टरची आहे. तिचा रिलेला उपयोग नाही.

तरीही मला वाटतं तुमचा रिले ना व्होल्टेजने मेला ना करंटने. तो आरएफ (रेडिओ लहरींची पॉवर) चालू असताना फिरला.

जुना_वाहक

शून्यडेसिबल ताईंशी पूर्ण सहमत. मी मध्यमलहरी ट्रान्समीटरवर आयुष्यभर नोकरी केली. तिथे पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट: कॅरिअर (ट्रान्समीटरची मूळ रेडिओ लहर) वाहत असताना स्विच हलवायचा नाही. हाताने हलवायचा म्हटलं तरी हलत नसे, कारण इंटरलॉक आधी कॅरिअर पाडायचा, मग स्विच फिरायचा, मग तो ठिकाणावर बसल्याची खूण मिळायची आणि तेव्हाच कॅरिअर परत यायचा. किलोवॉटचे ते स्विच वर्षानुवर्षं टिकले ते या क्रमामुळे. तांब्याच्या जाडीला लोक फुकटचं श्रेय देतात.

रिलेचा १० अँपिअरचा आकडा ५० हर्ट्झचा असतो. कॉन्टॅक्ट पूर्ण बसलेला असेल तर आरएफचे ३ अँपिअर त्याला जड नाहीत. पण कॉन्टॅक्ट बसताना उसळतो, लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. त्या एक-दोन मिलिसेकंदांत ४०० वॉट असतील तर प्रत्येक उसळीला ठिणगी, प्रत्येक ठिणगीला थोडी चांदी वितळणार. तीन आठवडे हेच झालं. शेवटी वितळलेली चांदी चिकटली.

तुमच्या रिगमध्ये पीटीटी दाबल्यापासून आरएफ बाहेर यायला किती वेळ लावलाय?

सांगलीचा_सिग्नल

काका, पाहिलं. आयसी-७३०० मध्ये टीएक्स डिले असा मेनू आहे: बंद, १०, १५, २०, २५, ३० मिलिसेकंद. माझ्याकडे बंदच होता. वर्षभर रिग लिनिअरशिवाय वापरत होतो, त्यामुळे तिकडे लक्ष गेलंच नाही.

जुना_वाहक

मग उत्तर मिळालं. कुठलाही रिले घेण्याआधी तो आकडा २० करा.

कीवाला

माझं मत थोडं वेगळं. काळजी करायची असेल तर रिले सुटतानाच्या वेळेची करा. सुटतानाचा घोळ कोणी बघत नाही.

कॉइलवर आपण सगळे उलटा डायोड लावतो, उलट व्होल्टेजने ट्रान्झिस्टर जाऊ नये म्हणून. पण त्या डायोडमुळे कॉइलमधला करंट हळूहळू मरतो आणि रिले उशिरा सुटतो. डेटाशीटमधला रिलीजचा आकडा बहुतेक वेळा डायोडशिवाय मोजलेला असतो. म्हणजे कागदावर ५ मिलिसेकंद आणि तुमच्या टेबलावर १०-१२. मोर्स करणाऱ्याला हे लगेच जाणवतं. मिनिटाला २५ शब्दांच्या गतीला एक डिट (टिंब) ४८ मिलिसेकंदांचा, त्यातले १२ सुटण्यात गेले तर मधल्या फटीत ऐकायला काय उरलं?

उपाय सोपा आहे. डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर उलटा लावा. चालवणारा ट्रान्झिस्टर ६० व्होल्टचा घ्या. रिले झटक्यात सुटतो.

ओढण्याचा वेगही वाढवता येतो. १२ व्होल्टची कॉइल २४ व्होल्टवर चालवा, सिरीजमध्ये कॉइलएवढाच रेझिस्टर आणि त्याला समांतर कपॅसिटर. पहिल्या क्षणी कॉइलला पूर्ण २४ मिळतात, मग कपॅसिटर भरला की १२ वर येते.

रत्नागिरी४०मीटर

मी चार वर्षं साध्या पॉवर रिलेवर लिनिअर चालवतोय. माझी तक्रार ट्रान्समिटची नाहीच, रिसीव्हची आहे, आणि कोकणातल्या सगळ्यांनी हे वाचावं.

पॉवर रिलेचे कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे असतात. चांदीवर हळूहळू सल्फाइडचा काळा थर चढतो. ४ अँपिअर वाहतात तेव्हा तो थर फुटून जातो, काही कळत नाही. पण रिसीव्हच्या कॉन्टॅक्टमधून फक्त मायक्रोव्होल्टचा सिग्नल जातो. थर फोडायची ताकद त्याच्यात कुठून येणार? माझ्याकडे ऑगस्टमध्ये असं व्हायचं की सकाळी बँड मेलेला वाटायचा. पीटीटी दोनदा दाबून सोडला की स्टेशनं परत जिवंत. कित्येक महिने मी हे प्रोपगेशनवर (लहरींच्या प्रवासावर) ढकललं. अँटेना दोनदा उतरवली. शेवटी डब्यावर टिचकी मारली आणि एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा मापक) चार घरं वर गेला, तेव्हा चोर सापडला.

समुद्राजवळ असाल तर नुसते वॉट बघू नका. रिसीव्हच्या बाजूचं काय, ते विचारा.

शून्यडेसिबल

रत्नागिरी४०मीटर यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. सोन्याचा मुलामा असलेला रिले घेतला तर सल्फाइडचा त्रास जातो, पण तो थर इतका पातळ असतो की एकदा गरम फिरवला की उडाला. म्हणून सोनं फक्त छोट्या पॉवरच्या बाजूला, म्हणजे लिनिअरच्या इनपुटला.

आता मूळ रचनेकडे. एकाच दोन पोलच्या रिलेवर इनपुट आणि आउटपुट दोन्ही घेणं ही त्या डिझाइनमधली दुसरी चूक, आणि ट्रान्झिस्टर बहुधा तिनेच नेला. उघड्या कॉन्टॅक्टमध्ये साधारण १ पिकोफॅरड धरा. ७ मेगाहर्ट्झला त्याचा रिअ‍ॅक्टन्स जवळजवळ २३ किलोओहम, म्हणजे ५० ओहमच्या लाइनमध्ये सुमारे ४७ डीबी विलगता (गळती रोखण्याचं माप). २८ मेगाहर्ट्झला तीच ३५ डीबी. वेगवेगळे दोन रिले असतील तर आउटपुटमधून इनपुटला परत यायला असे दोन उघडे कॉन्टॅक्ट ओलांडावे लागतात. एकाच रिलेत दोन पोल शेजारी असले की सिग्नल मधल्या मधे उडी मारतो, बायपासच्या केबलला वळसा घालायची गरजच नाही. तुमच्या लिनिअरचं गेन २० डीबी असेल तर कागदावर तरीही चालायला हवं, पण कॉन्टॅक्ट अर्धवट चिकटलेला असताना लूप पूर्ण होतो आणि लिनिअर स्वतःच दोलन करू लागतो. बायसवर (तयार ठेवणाऱ्या गेट व्होल्टेजवर) बसलेल्या एलडीमॉसला तेवढं पुरतं.

दोन रिले घ्या. इनपुटला सोन्याच्या कॉन्टॅक्टचा छोटा सिग्नल रिले, आउटपुटला एक पोलचा १६ अँपिअरचा पॉवर रिले. दोघांमध्ये पत्र्याची भिंत.

नवशिक्या_दीप

ताई, सिक्वेन्सरमध्ये (सगळं क्रमाने चालू-बंद करणाऱ्या सर्किटमध्ये) गेटचा बायस उशिरा दिला तर पुरेल ना? बायस नाही म्हणजे आउटपुट नाही.

शून्यडेसिबल

नाही, इथे बरेच जण फसतात. बायस शून्य असला तरी ड्राइव्ह (रिगकडून येणारी पॉवर) आला की एलडीमॉस क्लास सीमध्ये, म्हणजे चक्राच्या थोड्याच भागात, वाहू लागतो. पूर्ण ४०० वॉट नाही येणार, पण कॉन्टॅक्ट जाळायला पुरेसं येईल. बायस आणि ड्राइव्ह दोन्ही अडवायचे. क्रम असा: पीटीटी, मग आउटपुट रिले, तो बसून उसळी थांबली की इनपुट रिले आणि बायस, आणि या सगळ्यानंतर रिगचा आरएफ. परत येताना उलट. आधी ड्राइव्ह आणि बायस बंद, सर्वांत शेवटी आउटपुट रिले सुटणार.

मिरजेचा_मोर्स

व्हॅक्यूम रिलेबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्याकडे जेनिंग्जचा आरजे१ए आहे, जुना, परदेशातून मागवलेला. कॉइल २६.५ व्होल्ट. निर्वात असल्याने फट अगदी लहान असूनही हजारो व्होल्ट झेपतात, आणि फट लहान म्हणून वेगही चांगला. कॉन्टॅक्टवर हवाच नाही तर काळं कशाने पडणार? रत्नागिरीकरांच्या दुखण्यावर हेच औषध.

फक्त जुना घ्यायचा तर निर्वात टिकलाय का ते तपासून घ्या. उघड्या कॉन्टॅक्टवर मोठ्या रेझिस्टरमधून हजारभर व्होल्ट लावा आणि गळती बघा. आत हवा शिरलेला रिले बाहेरून नव्यासारखाच दिसतो. किंमत मात्र साध्या रिलेच्या कित्येक पट, वर कस्टमचं शुल्क. ४०० वॉटला मी नव्याने घेतला नसता. दीड किलोवॉटच्या देशांत तो शोभतो.

कीवाला

फुल ब्रेक-इन (मोर्समध्ये प्रत्येक डिट-डॅशच्या मधे ऐकणं) करणाऱ्यासाठी एक गणित. प्रमाण शब्द पॅरिस, त्यात १४ डिट-डॅश. २५ शब्दांच्या गतीला मिनिटाला ३५० वेळा रिले फिरणार, तासाला २१,०००. यांत्रिक आयुष्य १ कोटी फेऱ्यांचं धरलं तर पावणेपाचशे तासांत रिले संपला. एखाद्या स्पर्धाप्रेमी माणसाला हे दोन-तीन वर्षांचं काम. म्हणून मी पिन डायोडच्या बाजूचा. एलेक्राफ्टच्या केपीए५०० मध्ये ५०० वॉट पिन डायोडनेच फिरतात, आवाजही नाही. ताई, ४०० वॉटला घरी बांधता येईल का? आणि १एन४००७ चालेल का? एलेक्राफ्टच्याच के२ मध्ये तेच लावलेत असं पाहिलंय.

शून्यडेसिबल

के२ मध्ये आहेत हे खरं, पण तो १० वॉटच्या घरातला सेट. ४०० वॉटचं गणित करून बघू.

पिन डायोड आरएफला वाट देतो तो त्याच्या मधल्या थरात साठवलेल्या चार्जच्या जोरावर. साठा म्हणजे बायसचा करंट गुणिले डायोडमधल्या चार्ज वाहकांचं आयुष्य. आरएफचं प्रत्येक उलटं अर्धचक्र त्या साठ्यातून चार्ज ओढायला बघतं. ४ अँपिअर शिखर आणि ७ मेगाहर्ट्झ म्हणजे अर्ध्या चक्रात ०.१८ मायक्रोकूलम. बायस १०० मिलिअँपिअर आणि आयुष्य १ मायक्रोसेकंद असेल तर साठा ०.१ मायक्रोकूलम. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त. डायोड चक्राच्या मध्येच बंद पडू पाहील, हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे नको असलेले सिग्नल) वाढतील, डायोड तापेल. आयुष्य ५ मायक्रोसेकंद असेल तर साठा ०.५, आता ठीक. पण हाच स्विच १.८ मेगाहर्ट्झला नेला तर खर्च ०.७ वर जातो आणि पुन्हा तूट. खालच्या बँडला पिन डायोड अवघड का, ते यात आलं. वरवर वाटतं त्याच्या उलट आहे.

१एन४००७ चं आयुष्य काही मायक्रोसेकंद भरतं, म्हणून तो हौशी लोकांचा लाडका. पण तो रेक्टिफायर म्हणून विकला जातो, आयुष्याची हमी कोणी देत नाही, आणि एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचे डायोड वेगळे वागतात. घेतलाच तर मोजून घ्या. सरळ करंट द्या, मग तेवढाच उलटा ओढा, आणि ऑसिलोस्कोपवर तो किती वेळ वाहत राहतो ते बघा. त्या वेळेला ०.६९ ने भागा, आयुष्य मिळेल. पण ४०० वॉटला मी तो लावणार नाही. आतला रोध ०.३ ओहम धरला तरी २.४ वॉट उष्णता, आणि त्या बारीक काचेच्या-प्लास्टिकच्या देहाला ती बाहेर टाकायला जागा नाही. एफटी८ तर १५ सेकंदांतले १२.६४ सेकंद सलग पूर्ण पॉवरवर असतं.

एकच बँड असेल तर मात्र एक सुंदर रचना आहे. एक डायोड ट्रान्समिटच्या वाटेत सिरीजमध्ये. रिसीव्हच्या वाटेत पाव तरंगलांबीची लाइन आणि तिच्या टोकाला जमिनीकडे दुसरा डायोड. ७.०५ मेगाहर्ट्झला लाइनऐवजी π (पाय) आकाराचं कॉइल-कपॅसिटरचं नेटवर्क चालतं: १.१३ मायक्रोहेन्री आणि दोन्ही बाजूंना ४५० पिकोफॅरड. ट्रान्समिटला दोन्ही डायोड एकाच करंटने चालू. टोकाला जमीन, म्हणून पाव तरंगलांबी मागे मोठा रोध, रिसीव्हर सुरक्षित. ४०० वॉट असताना एकही डायोड बंद ठेवावा लागत नाही, त्यामुळे शेकडो व्होल्टचा उलटा बायस लागत नाही.

पण रिसीव्हला थोडा उलटा बायस द्याच. रात्री ७.२ च्या वर प्रसारण केंद्रं कानठळ्या बसवतात. बायसशिवायचे डायोड त्यांची खिचडी करून आपल्या बँडमध्ये आणून टाकतात. आणि हा स्विच लो-पास फिल्टरच्या आधी ठेवा, म्हणजे त्याने केलेले हार्मोनिक फिल्टर खाईल. रिलेला ही अट नाही.

सांगलीचा_सिग्नल यांना मात्र मी रिलेच सुचवेन. एसएसबी आणि एफटी८ ला दर ओव्हरला (बोलण्याच्या पाळीला) एकदाच फिरायचं आहे.

जुना_वाहक

रिलेच ठरत असेल तर माझी एक सूचना. सिक्वेन्सर वेळेवर विसंबतो: इतके मिलिसेकंद गेले, म्हणजे रिले बसला असेल. बसला असेल आणि बसला यात फरक आहे. तुमचा कॉन्टॅक्ट चिकटला तेव्हा सिक्वेन्सरला कळलंच नसतं. आमच्याकडची खूण इथेही करता येते.

अँटेनाच्या सॉकेटवर जमिनीकडे १०० मायक्रोहेन्रीचा चोक (आरएफ अडवणारी कॉइल) लावा. तो तसाही हवाच, वळवाच्या ढगांत वायरवर साठणारा स्थिर विद्युतभार त्यातून उतरतो. ७ मेगाहर्ट्झला तो ४.४ किलोओहम दिसतो, आरएफला पत्ताही लागत नाही. आता रिलेच्या ट्रान्समिट कॉन्टॅक्टवर दुसऱ्या चोकमधून आणि रेझिस्टरमधून ५ व्होल्ट द्या, १० मिलिअँपिअर वाहतील इतके. कॉन्टॅक्ट लागला की हा करंट अँटेनाच्या चोकमधून जमिनीत जातो आणि ५ व्होल्ट शून्यावर येतात. शून्य दिसल्याशिवाय बायस आणि इनपुट रिले चालू करू नका.

रिसीव्हच्या कॉन्टॅक्टवरही असाच १० मिलिअँपिअर सोडा. रत्नागिरीकरांचा काळा थर त्याने जिंकता येईल, कॉन्टॅक्ट कोरडा राहत नाही.

दोन्ही वाटांत डीसी अडवायला कपॅसिटर लागेल. १० नॅनोफॅरड ७ मेगाहर्ट्झला २.३ ओहम होतो, तो एकटा नको. चार समांतर लावा, करंटही वाटला जाईल. एनपीओ किंवा मायका, उच्च व्होल्टेजचे. सप्लायवर लावतात ते साधे सिरॅमिक तापून फुटतात.

रत्नागिरी४०मीटर

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. या रविवारी बसवतो.

सांगलीचा_सिग्नल

अपडेट द्यायला उशीर झाला, ट्रान्झिस्टर यायला वेळ लागला.

आउटपुटला १६ अँपिअरचा एक पोलचा १२ व्होल्ट रिले, लॅमिंग्टन रोडवरून आणला. इनपुटला सोन्याच्या कॉन्टॅक्टचा छोटा. कॉइल २४ वर, कीवाला यांनी सांगितल्याप्रमाणे. टेबलावर मोजलेले आकडे: ओढायला ६.१ मिलिसेकंद, उसळी थांबायला आणखी १.४. सुटायला साध्या डायोडने ९.८, झेनर लावल्यावर ३.२. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

नॅनोव्हीएनएवर (छोट्या आरएफ मोजयंत्रावर) विलगता ७ मेगाहर्ट्झला ४६ डीबी, ताईंच्या अंदाजाला अगदी जवळ. रिलेच्या पायांचं इंडक्टन्स २५ नॅनोहेन्रीच्या आसपास निघालं. ७ मेगाहर्ट्झला १.१ ओहम, सोडून दिलं. पुढेमागे २८ ला नेला तर दोन्ही बाजूंना ५-५ पिकोफॅरड लावून जुळवावं लागेल. कॉन्टॅक्टचा रोध १ अँपिअर सोडून मोजला, १४ मिलिओहम.

काकांची खूण बसवली आणि तिची परीक्षा मुद्दाम घेतली. कॉइलची वायर काढली, पीटीटी दाबला. बायस आला नाही, लाल दिवा लागला, रिगचे वॉट इनपुट रिलेपुढे सरकलेच नाहीत. हे बघितल्यावरच नवा ट्रान्झिस्टर टाकायचा धीर झाला. मग डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) ४०० वॉट, एफटी८ च्या पट्टीने अर्धा तास. पॉवर बंद करून रिलेला हात लावला, कोमट.

टीएक्स डिले २० वर आहे आणि त्यावर कागद चिकटवलाय.

कीवाला

अभिनंदन ओएम (मित्रा)! ताई, मी पाव तरंगलांबीवाला बांधायला घेतोय. १.१३ मायक्रोहेन्रीची कॉइल फेराइटवर की हवेत?

शून्यडेसिबल

हवेत, किंवा टी१३० सारख्या लोखंडाच्या भुकटीच्या कोअरवर, जाड तारेने. ट्रान्समिटला त्या कॉइलमधूनही पूर्ण २.८३ अँपिअर फिरतात, रिसीव्हच्या वाटेत आहे म्हणून बारीक तार घेऊ नका. अँटेनाच्या बाजूच्या कपॅसिटरवरही तोच २०० व्होल्टचा ताण आहे.

रत्नागिरी४०मीटर

रिसीव्ह कॉन्टॅक्टवर १० मिलिअँपिअर सोडल्याला आता अख्खा पावसाळा झाला. एकदाही पीटीटी दाबून बँड जागा करावा लागला नाही. काल सकाळी चिपळूणचं एक ५ वॉटचं स्टेशन पहिल्या हाकेला ऐकलं. काका, मनापासून आभार. ७३ (शुभेच्छा).